भूमिगत खाण आणि खुली खाण : धुळीचा धोका कुठे अधिक?

चंद्रपूर आणि वणी परिसरात कोळशाच्या दोन्ही प्रकारच्या खाणी असल्याने ही तुलना तिथल्या कामगारांसाठी महत्त्वाची आहे. भूमिगत खाणीत हवा खेळती ठेवणे कठीण असते. कोळसा कापताना उठलेली धूळ कामगाराच्या तोंडासमोरच रेंगाळते आणि तिच्यातील सुमारे ५ मायक्रॉनपेक्षा लहान, डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसांच्या वायुकोशांत साठत जाऊन, वर्षानुवर्षांच्या संपर्कानंतर, न्यूमोकोनिओसिस हा बरा न होणारा आजार जडू शकतो.

खुल्या खाणीत वारा धूळ पांगवतो, म्हणून ती सुरक्षित मानली जाते. माझ्या मते ही समजूत घातक आहे. कोळशावरचा खडक फोडण्यासाठी छिद्रे पाडणाऱ्या कामगाराच्या श्वासात सिलिका, म्हणजे खडकातील वाळूसारख्या खनिजाची बारीक धूळ, जाते. ती निव्वळ कोळशाच्या धुळीहून अधिक विषारी असून तिच्यामुळे सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि क्षयरोगाचा धोकाही वाढतो. कोळसा-धुळीचा भार भूमिगत खाणीतच जास्त असला, तरी या कामगाराला ओले छिद्रण (पाणी सोडत छिद्रे पाडणे), यंत्राची बंद केबिन आणि योग्य मास्क यांची गरज तितकीच आहे. खाण नियमांप्रमाणे दोन्हीकडे निदान दर ५ वर्षांनी वैद्यकीय तपासणी होते. छिद्रण करणाऱ्यांसाठी हे अंतर मला फार मोठे वाटते.