सिंधी कॉलनीतला दाल-पकवान

इंदुरात रविवारचा नाश्ता म्हणजे पोहे-जिलबी. आम्ही रामबागेतली मराठी माणसंही त्यातच वाढलो. पण गेली दोन वर्षं माझी स्कूटर रविवारी सिंधी कॉलनीकडे वळते, एका चार बाकांच्या दुकानाकडे.

पकवान म्हणजे मैद्याची तळलेली कडक पुरी; इथला ओवा-मिरे घातलेला, तोडला की कट्कन आवाज होणारा. हरभऱ्याची डाळ मऊ, पण दाणा शाबूत. वर चिंचेची चटणी, कच्चा कांदा. चटणी कधीकधी फार गोड होते, तेवढं सुधारायला हवं.

गल्ल्यामागे एका जुन्या कागदाची फ्रेम आहे. मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "कॅम्पाचं रेशनकार्ड आहे, बेटा." त्यांचे वडील सिंधमधल्या शिकारपूरचे. फाळणीत कराचीहून बोटीनं मुंबई, मग कल्याणचा निर्वासितांचा कॅम्प (तेच पुढे उल्हासनगर झालं), मग इंदूर.

पंजाब आणि बंगालमधून रेषा ओढली गेली, तिचा निवाडा १७ ऑगस्ट १९४७ ला जाहीर झाला. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. पंजाबी, बंगाली निर्वासितांना आपल्या भाषेचा निम्मा प्रांत तरी इकडे उरला. सिंध्यांना तेवढाही नाही. आणि हाच सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता! हे मला शाळेत नाही, त्या बाकावर कळलं. त्या दिवशी घास घशाखाली उतरेना.

काका नातवाशी अजून सिंधीतच बोलतात, तो उत्तर हिंदीत देतो.

नऊच्या आत पोचा, नंतर पकवान संपतो. कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, सांगूनच करून मिळते. दह्याबरोबर जरूर घ्या.