लक्झेंबर्गला कधी जावं : २३ जून, एख्तरनाखचा मंगळवार की ऑगस्टची जत्रा?

लक्झेंबर्गचा एखादा राष्ट्रीय सोहळा पाहायचा म्हटलं की बहुतेक जण डोळे झाकून २३ जून धरतात. राष्ट्रीय दिन तोच, पण खरी धमाल आदल्या रात्रीची. २२ तारखेला मशालींची मिरवणूक निघते आणि मग राजधानीतल्या पेत्रुस दरीवर आतषबाजी. जूनमध्ये अंधार पडायलाच दहा वाजून जातात, तोवर लहान मुलं पेंगलेली असतात. २३ला तोफांची सलामी आणि लष्करी संचलन. दुकानं बहुतेक बंद. गंमत म्हणजे हा दिवस राज्यकर्त्याचा वाढदिवस म्हणून साजरा होतो, पण तेव्हाच्या राज्यकर्त्या ग्रँड डचेस शार्लोट यांचा जन्म २३ जानेवारीचा. कडाक्याच्या थंडीत सोहळा नको म्हणून १९६१मध्ये तो जूनमध्ये नेला आणि पुढच्या राजांनीही तीच तारीख ठेवली.

एकच दिवस हाताशी असेल तर मात्र एख्तरनाख हे गाव निवडा. संत विलीब्रॉर्ड (मृत्यू ७३९) यांच्या स्मरणार्थ तिथे नाचत मिरवणूक निघते. एकेका ओळीतले लोक पांढऱ्या रुमालांची टोकं धरतात आणि पोल्काच्या एकाच चालीवर डाव्या-उजव्या पायावर उड्या घेत बॅसिलिका या मोठ्या चर्चमधल्या त्यांच्या समाधीपर्यंत जातात. आपल्या दिंडीतली पावली पाहिलेल्याला ती लय लगेच ओळखीची वाटेल. २०१०मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलेला हा सोहळा पर्यटकांसाठी मांडलेला नाही, म्हणूनच तो पाहावा.

चूक होते ती तारखेत. सुट्टी पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी; मिरवणूक मंगळवारी. ईस्टरच्या रविवारात ५१ दिवस मिळवा : २०२७मध्ये १८ मे. सकाळी साडेनऊच्या सुमारास सुरुवात होते आणि गावाला रेल्वे नाही. राजधानीहून बसने तासभर धरा, नाहीतर आदल्या रात्रीच गावात मुक्काम करा.

मुलं बरोबर असतील तर ऑगस्टअखेरची शुअबरफोअर जत्रा. १३४०पासूनची, राजधानीतल्या ग्लासी मैदानावर सुमारे तीन आठवडे चालणारी. तारखेची घाई नाही. पाळणे आणि बटाट्याचे गरमागरम वडे. प्रवेश फुकट, पण प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे, आणि खिसा तिथेच रिकामा होतो.

बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग २०२०पासून देशभर मोफत आहे. म्हणून २२ जूनला राजधानीतल्या महागड्या हॉटेलांच्या मागे लागू नका, बाहेरच्या गावात राहा. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ तेवढी आधी बघून ठेवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनला जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच कागदपत्रं गोळा करायला घ्या.