हरित लवाद की हायकोर्ट: गावानं दाद कुठं मागायची?

नदीत मळीचं पाणी उतरतं, मासे मरून वर येतात आणि चावडीवर विषय निघतो: केस कुठं टाकायची? पुण्याच्या हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, की कोल्हापुरातच? १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे इथं बसणारं पीठ, कोल्हापुरात सुरू झालं. मुंबईच्या फेऱ्या वाचल्या, म्हणून साहजिकच सगळ्यांचा ओढा तिकडं. पण जवळ आहे म्हणून दार निवडू नका. दुखणं कुठलं ते आधी बघा.

पंचगंगेचं पाणी, चिमणीचा धूर, सांडपाणी: हे लवादाचं काम. तिथं न्यायाधीशांच्या जोडीला तज्ज्ञ सदस्य बसतात, समिती पाठवून नमुने घ्यायला लावतात. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये. मुदत मात्र कडक. वाद पहिल्यांदा उद्भवला त्या दिवसापासून ६ महिने, सबळ कारण दिलंत तर वर ६० दिवस, बस्स. गावं इथंच फसतात. निवेदन दिलं, मोर्चा काढला, तहसीलदारांकडं बैठक झाली, तोवर वर्ष उलटलेलं असतं. भरपाई किंवा नदी पूर्ववत करून मागायची असेल तर ५ वर्षं मिळतात, त्यामुळं उशीर झालेल्यांनी वकिलांना ही वाट जरूर विचारावी.

जमिनीचं वेगळं. लवादाकडं ७ कायद्यांखालचेच वाद जातात. त्यात २०१३ चा भूसंपादन कायदा नाही, २००६ चा वनहक्क कायदाही नाही. रस्त्यासाठी रान जात असेल किंवा दाजीपूरकडच्या एखाद्या वाडीचा सामूहिक वनहक्क डावलला असेल, तर हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारविरुद्धची याचिका. सरकारचा आदेशच रद्द करायची ताकद त्या कोर्टात आहे. पण पाणी नेमकं कुणी नासवलं असल्या तपशिलाच्या भांडणात ते सहसा शिरत नाही.

माझं मत विचाराल तर पाण्यासाठी पुणे, जमिनीसाठी कोल्हापूर. ग्रामसभेचा ठराव दोन्हीकडं हवाच. ठरावाचं वजन बघा: ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढं ठेवला आणि १२ च्या १२ गावांनी नकार दिला.

प्रदूषण मंडळाकडं तक्रार आजच द्या, तारखेची पोच घ्या. वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अर्जावर गावातल्या बायकांची नावं पुढं घाला.