एएम ट्रान्समीटरचा आवाज सुधारायला गेलो आणि १६,६६० रुपयांना बुडालो

एका ट्रान्सफॉर्मरपायी आधी ४,५०० टोकन, मग ९,८००, आणि शेवटी 'जीएसटी आणि कुरिअरचा विमा' म्हणून २,३६०. एकूण १६,६६० रुपये. तिन्ही वेळा यूपीआय, तिन्ही वेळा पिन मीच टाकला.

मी हौशी रेडिओवाला, म्हणजे हॅम. वडिलांनी बांधलेला ८०७ व्हॉल्व्हचा (जुन्या काचेच्या रेडिओ नळीचा) ट्रान्समीटर सेट आहे माझ्याकडे. चाळीस मीटरच्या रेडिओ बँडवर माझा आवाज नाकातून येतो, असं सगळेच सांगत होते. कपलिंगचे, म्हणजे आवाजाचा सिग्नल पुढच्या टप्प्यात नेणारे, जुने कागदी कपॅसिटर करंट गळू देत होते. ते बदलले, व्हॅल्यू वाढवल्या, आवाजात खर्ज आला. आठ दिवसांत मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे रेडिओलहरीवर आवाज चढवणारा, आतून शॉर्ट झाला. हा माल आता नवा कुठे मिळतो? मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी आधी दुकानाचा पत्ता सांगावा. म्हणून 'जुने ट्रान्सफॉर्मर हाय-फाय गुंडाळून देतो' हा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज बघून मी लगेच फोन लावला.

आणि त्याच फोनवर मला कळायला हवं होतं. मी विचारलं, "सेकंडरीतून १०० मिलिअँप डीसी जाणार, कोअरला गॅप ठेवाल ना?" तो म्हणाला, "काका, ट्रान्सफॉर्मर एसीवर चालतो, डीसीचा प्रश्न येतोच कुठे?" माझ्या सेटमध्ये प्लेट मॉड्युलेशन आहे, त्यात फायनलचा, म्हणजे शेवटच्या व्हॉल्व्हचा, सगळा डीसी सेकंडरीतूनच (दुसऱ्या गुंडाळीतूनच) जातो. लोखंडी कोअरमध्ये बारीक फट, म्हणजे गॅप, नसेल तर कोअर सॅच्युरेट होतो (त्याची चुंबकत्व पेलायची हद्द संपते) आणि खर्जातच आवाज फाटतो. असा एक जरी ट्रान्सफॉर्मर गुंडाळलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मला हे पाठ आहे! तरी मनाला समजावलं, पोरगा कारागीर आहे, थिअरी येत नसेल. ते उत्तर अजून रात्री कानात वाजतं.

वर 'माप घ्यायला' म्हणून त्याने मूळ ट्रान्सफॉर्मर मागवून घेतला, आणि मी पाठवला. मूळ नग कधीही हातचा सोडू नका. मापं घरी काढा, आकडे पाठवा.

माझ्या फायनलला ६०० व्होल्ट, १०० मिलिअँप, म्हणजे ६० वॉट. पूर्ण मॉड्युलेशनला ३० वॉट ऑडिओ लागतो, आणि तो पेलणारा ट्रान्सफॉर्मर हाताला चांगला जड लागतो. पार्सल उचललं तेव्हाच पोटात गोळा आला. काळा रंग अजून ओला होता, त्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा. नखाने खरवडलं तर खाली छापलेलं: १२-०-१२. म्हणजे १२ व्होल्टचा साधा पॉवर ट्रान्सफॉर्मर.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत तक्रार बाजूलाच, "घरात वायरलेस कशाला ठेवलाय, लायसन दाखवा." दाखवलं. दुसऱ्या फेरीत साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या फेरीत, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे." बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकलात." मला ज्ञान नको होतं, तक्रारीची पोच हवी होती. ती आजवर मिळालेली नाही. पैसे गेल्याचं कळताच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी या फेऱ्यांत नऊ दिवस घालवले. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. आणि पैसे देण्याआधी एका गुंडाळीला ६.३ व्होल्ट एसी देऊन दुसरीकडचं मीटर व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावा. टाळाटाळ केली की फोन ठेवा.

परवा त्याच्या नव्या मेसेजमध्ये फोटो होता, 'ओरिजिनल पीस, २२,००० फक्त.' डाव्या कोपऱ्यावर लाल ऑइलपेंटने ८०७ लिहिलेलं. ते माझ्या वडिलांचं अक्षर आहे. कुणाला हा नग दाखवला गेला, तर पैसे देऊ नका आणि मला कळवा.