‘अ नंबर ऑफ’ की ‘द नंबर ऑफ’?

सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात, त्यामुळे इंग्रजी ईमेल लिहिणं इथल्या ऑफिसांत रोजचंच. आणि नेमकं याच जोडीपाशी भलेभले अडतात.

‘अ नंबर ऑफ टॉवेल्स आर डॅमेज्ड’ म्हणजे बरेच टॉवेल खराब आहेत. इथे खरा कर्ता टॉवेल, म्हणून ‘आर’. ‘द नंबर ऑफ टॉवेल्स इज स्मॉल’ मध्ये मात्र आपण संख्येबद्दल बोलतोय, आणि संख्या एकच, म्हणून ‘इज’. मराठीतही आपण ‘टॉवेलांची संख्या कमी आहे’ म्हणतो, ‘आहेत’ नाही. क्रियापदाआधीचं ‘टॉवेल्स’ दिसलं की हात आपोआप ‘आर’कडे वळतो. तिथेच थांबायचं.

तपासायला सोपं आहे: ‘नंबर ऑफ’च्या पूर्ण तुकड्याजागी ‘मेनी’ घालून वाक्य जुळलं तर अनेकवचन. माझ्या मते पाठ केलेल्या नियमापेक्षा हे कितीतरी भरवशाचं, मुलांना हेच आधी शिकवावं.

फक्त ‘द’ दिसला की एकवचन, असं समजू नका. ‘द मेजॉरिटी ऑफ टॉवेल्स आर रेडी’ हेच बरोबर. उलट ‘मोर दॅन वन टॉवेल’ला अर्थ अनेकाचा असूनही ‘इज’ लागतं, कारण शेजारचं नाम एकवचनी आहे.