ब्रिजचा वीकेंड क्लास, गंगापूर रोड: भिडूसकट लावा

मेंढीकोट खेळत वाढलेला माणूस मी, ब्रिज यूट्यूबवर शिकलो आणि शेजारच्या काकांना भिडू करून अकरा कन्व्हेन्शन (भिडूला खास अर्थ सांगायला आधी ठरवलेल्या बोल्या) पाठ केली. मग एकदा काकांनी वन नो ट्रंप (मोठा हात, हुकमाशिवाय) ओपन केलं, माझ्याकडे पाच बदाम, मोठ्या पत्त्यांचे सहा पॉइंट, चौकट फक्त दोन. मी टू डायमंड (चौकट) बोललो म्हणजे ट्रान्सफर, खालचा रंग बोलून सांगायचं की माझा रंग बदाम, मग काकांनी टू हार्ट (बदाम) बोलायचं, तर काका चहात बिस्किट बुडवत म्हणाले पास! दोघांचे मिळून पाच हुकूम आणि खेळायचं मीच, कारण चौकट आधी मी बोललो ना. तीन डाऊन, म्हणजे बोलीपेक्षा तीन हात कमी.

म्हणून हा क्लास लावला. सर कुठल्याही कन्व्हेन्शनला आधी एकच विचारतात, संध्याकाळभरात हे किती वेळा येणार आणि त्यासाठी कुठली बोली गमावणार? बोल्या एकूण 35च, त्यामुळे स्वस्तातली जागा जपून वापरायची. स्टेमनला (भिडूकडे चार बदाम किंवा चार इस्पिक आहेत का विचारायला) टू क्लब का, तर वन नो ट्रंपवर सगळ्यात स्वस्त बोली तीच. ट्रान्सफरचंही तसंच, मोठा हात झाकलेला राहतो आणि भिडूने टू हार्ट म्हटलं की मला अजून एकदा बोलायला मिळतं, टू नो ट्रंप म्हणून गेमला (बोनसवाल्या बोलीला) येतोस का विचारता येतं.

कीकार्ड ब्लॅकवुडचं (भिडूकडे चार एक्के आणि हुकमाचा राजा यातली किती कीकार्ड आहेत ते विचारायचं) 1430, म्हणजे पहिलं उत्तर एक किंवा चार, दुसरं तीन किंवा शून्य, तर पहिल्यांदा डोक्यात शिरलं. एक कीकार्ड असेल तर उत्तर फाइव्ह क्लब, मग बदाम हुकूम असले तरी फाइव्ह डायमंडने हुकमाची राणी विचारता येते, नसेल तर फाइव्ह हार्टवर थांबायचं. जुन्या 3014 मध्ये एकाचं उत्तरच फाइव्ह डायमंड, राणी विचारायला गेलं की फाइव्ह हार्ट ओलांडलंच. पण हे महिन्यातून एखाद वेळेला येतं, हे सरच सांगतात.

आता तक्रार. वीक टू (कमजोर हाताने दोनची बोली ओपन करणं) शिकवतच नाहीत, "नंतर बघू" म्हणतात. अहो, सहा पत्त्यांचा कमी पॉइंटवाला हात सारखा येतो, तुमच्याच हिशोबाने ते आधी हवं होतं की! शिवाय नोट्सची झेरॉक्स इतकी फिकट की इस्पिक आणि किलवर ओळखूच येत नाहीत. चार टेबलं आणि सर एकच, त्यामुळे हात वर करून बसायचं. पार्किंगचं विचारूच नका, रिक्षाने या.

पाचपैकी चार. काकांना पुढच्या बॅचला घालतोय, त्यांना अजून सांगितलेलं नाही.