शस्त्रक्रियेआधीची भूल तपासणी : एका ग्रामीण रुग्णालयाची सेवा

कापसाची वेचणी आटोपल्यावर यवतमाळ जिल्ह्यातील एका धर्मादाय रुग्णालयात माझ्या सासऱ्यांची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. तेथील शल्यचिकित्सकांच्या हातगुणाविषयी गावोगाव बोलले जातेच. मला मात्र भूल तपासणी कक्षाविषयी लिहायचे आहे, कारण रुग्णाकडून इतक्या नेटाने तयारी करून घेणारी सेवा आपल्या भागात सहसा दिसत नाही.

भूलतज्ज्ञ बाईंनी ईसीजीचा कागद बाजूला ठेवून सासऱ्यांना आधी तोंड उघडायला सांगितले. दातांच्या मधोमध तीन बोटे उभी मावतात का, हे त्यांनी पाहिले. जेमतेम दोन मावली. “बाबाजी, दिवसाचे किती खर्रे?” या प्रश्नावर सासरे एक म्हणाले आणि सासूबाईंनी तो आकडा तिथल्या तिथे पाचावर नेला. वर्षानुवर्षे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, खाल्ल्याने गालांचे आतले अस्तर ताठर होते, तोंड पुरते उघडत नाही आणि पूर्ण भूल द्यावी लागल्यास श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते. हे आधीच कळले, तर कमरेतून भूल देण्याचा विचार करता येतो व अडचणीच्या वेळची साधनेही हाताशी ठेवता येतात. विदर्भातील प्रत्येक रुग्णालयात हा प्रश्न, शक्यतो घरच्या बाईमाणसासमोर, विचारला गेला पाहिजे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणीही येथे न मागता करतात, कारण अशा रुग्णाला शरीरातील पाणी किंवा प्राणवायू कमी पडणे, अंग गार पडणे महागात पडू शकते.

रोजच्या गोळ्यांची पिशवी सोबत आणायला सांगितली होती. कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची आणि रक्तदाबाची कोणती गोळी त्या सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची, हे परिचारिकेने पाकिटांवरच पेनाने लिहून दिले. घरी वस्तरा फिरवू नका, बारीक जखमांतून जंतुसंसर्ग होतो, असेही बजावले.

उणीव आहे ती छापील सूचनापत्रात. त्यावर सर्वांसाठी एकच ओळ आहे, ‘रात्रीपासून उपाशी राहणे’; मग शस्त्रक्रिया सकाळी असो वा दुपारी. दुधाचा चहा हलक्या जेवणात धरून सहा तास आधी बंद करावा आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, हा सर्वसाधारण नियम विचारणाऱ्यालाच तोंडी कळतो. न विचारणारे म्हातारे माणूस दुपारपर्यंत कोरड्या घशाने बसून राहते. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत तर ही ओळ धोक्याचीच आहे. ती बदलणे मुळीच खर्चाचे काम नाही.

कक्ष केवळ सकाळी चालू असतो, त्यामुळे दूरच्या गावांतून एसटीने येणाऱ्यांनी पहिलीच गाडी धरावी. जनआरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असल्यास शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन त्याच दिवशी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाला, भेटावे, म्हणजे वेगळी फेरी पडत नाही.